हृदयाच्या झडपा व रक्ताचा एकमार्गी प्रवास

(वरच्या प्राथमिक इयत्तांच्या आरोग्यविज्ञान-पाठासाठी)

हृदयाचा पाठ सोपा समजला जातो. फळ्यावर आकृती काढली, चार कप्प्यांची नावे पाठ करून घेतली, की पाठ संपतो. परंतु ही नावे बिनचूक सांगणाऱ्या विद्यार्थ्यास, ‘रक्त उलटे का फिरत नाही?’ असे विचारले तर तो बहुधा गप्प राहतो. वस्तुतः याच प्रश्नाच्या उत्तरात हृदयाच्या रचनेचे मर्म आहे. आणि शाळकरी मुलांना जडणाऱ्या एका घातक हृदयविकाराचे कारणही त्यावरूनच उमजते. म्हणून पाठाची उभारणी याच प्रश्नावर करावी.

साहित्य : सेकंदकाटा असलेले घड्याळ, जाड कागदाची नळी, दोन बादल्या, सुमारे ७० मिलिलिटर पाणी मावेल अशी वाटी, तांबडा व निळा खडू.

प्रस्तावना

आरंभ मुलांच्या परिचयातील वस्तूपासून करावा. विहिरीवरील पंपाच्या नळाला तळाशी फूटव्हॉल्व्ह असतो. तो पाण्याला वर येऊ देतो, पण खाली उतरू देत नाही. तो बिघडला की नळातील पाणी विहिरीत उतरते आणि पंप नुसता फिरत राहतो. लोहाराच्या भात्यालाही अशीच झडप असते. हवा आत घेताना ती उघडते व भाता दाबताच मिटते. यावरून मुलांकडून एक नियम काढून घ्यावा : दाब देणे हे पंपाचे निम्मेच काम, दिशा सांभाळणे हे उरलेले निम्मे.

रचना

हृदय छातीच्या डाव्या बाजूस असते, असा सार्वत्रिक समज आहे. ते दोन फुप्फुसांच्या मध्ये असते; त्याचे टोक मात्र डावीकडे झुकलेले असते. ज्याची त्याची मूठ एवढाच सुमारे हृदयाचा आकार. प्रौढ माणसाच्या हृदयाचे वजन ३०० ग्रॅमच्या आसपास भरते. ते स्नायूंचे बनलेले असून एका उभ्या पडद्याने त्याचे उजवा व डावा असे दोन भाग पडतात. प्रत्येक भागात वर कर्णिका व खाली जवनिका असते. (काही पुस्तकांत यांनाच अलिंद व निलय म्हटले आहे.) कर्णिकांना रक्त शेजारच्या जवनिकेतच ढकलावयाचे असल्याने त्यांच्या भिंती पातळ असतात. उजवी जवनिका जवळच्या फुप्फुसांपर्यंत रक्त पोहोचविते. डावीला ते डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत धाडावयाचे असते, म्हणून तिची भिंत सर्वांत जाड.

झडपा चार आहेत. उजव्या कर्णिकेच्या व जवनिकेच्या मध्ये तीन पाळ्यांची त्रिदल झडप, डावीकडे दोन पाळ्यांची द्विदल झडप, आणि दोन्ही जवनिकांतून निघणाऱ्या मोठ्या रोहिणींच्या मुखाशी एकेक अर्धचंद्राकृती झडप. त्रिदल व द्विदल झडपांच्या कडा बारीक पण चिवट दोऱ्यांनी जवनिकेच्या भिंतीशी बांधलेल्या असतात. त्यामुळे खालून कितीही दाब आला तरी पाळ्या वरच्या बाजूस उलटत नाहीत.

रक्ताचा मार्ग

शरीरभर फिरून आलेले रक्त महानीलांतून उजव्या कर्णिकेत, तेथून उजव्या जवनिकेत आणि पुढे फुप्फुसांत जाते. तेथे ते कार्बन डायऑक्साइड सोडते, प्राणवायू घेते व डाव्या कर्णिकेत परतते. मग डाव्या जवनिकेतून ते महारोहिणीत ढकलले जाते आणि रोहिणी, केशवाहिन्या, नीला असा प्रवास करून पुन्हा मूळ ठिकाणी येते. आकृतीत एक बाजू निळी दाखविली जाते, त्यावरून मुले रक्त निळे असते असे धरून चालतात. ते रक्तही तांबडेच, केवळ अधिक काळसर असते, हे स्पष्ट करावे.

मिनिटाला ७२ ठोके धरल्यास एका ठोक्याला सुमारे ०.८ सेकंद लागतो. त्यात कर्णिका ०.१ सेकंद आकुंचन पावतात, जवनिका ०.३ सेकंद, आणि उरलेला ०.४ सेकंद सर्व हृदय सैल असते. अखंड राबणारे हे इंद्रिय विश्रांती घेते ती या दोन ठोक्यांमधील अवकाशात. जवनिका आकुंचन पावताच वरच्या झडपा मिटतात व ‘लब्’ असा आवाज येतो. जवनिका सैल होताच रोहिणींच्या मुखाशी असलेल्या झडपा मिटतात व ‘डब्’ असा आवाज येतो. म्हणजे आपण ऐकतो तो आवाज झडपा मिटण्याचा.

प्रयोग

(१) १८१६ साली पॅरिस येथे लाएनेक या वैद्याने कागदाची गुंडाळी रोग्याच्या छातीला लावून ठोके ऐकले. त्यातूनच स्टेथोस्कोप जन्मास आला. वर्गात हेच करावे. मुलांनी मुलांचे व मुलींनी मुलींचे ठोके ऐकावेत. बसून व मैदानाला एक फेरी मारून नाडी मोजावी आणि आकडे वहीत नोंदवावेत.

(२) गणिताशी समवाय : प्रौढाचे हृदय एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलते. ७० × ७२ = ५,०४० मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे ५ लिटर; दिवसाला ७,२०० लिटरांहून अधिक. शरीरात रक्त मात्र सुमारे ५ लिटरच असते. एका मुलास वाटीने एका बादलीतील पाणी दुसरीत मिनिटाला ७२ वेळा टाकावयास सांगावे. त्याचा हात दुखू लागताच हृदयाचे श्रम वर्गाला कळतील.

याच प्रकारच्या हिशेबाने इंग्रज वैद्य विल्यम हार्वे याने प्राचीन मत खोडून काढले. रक्त यकृतात तयार होते व अवयवांत खर्च होते, असे तोवर मानीत. इतके रक्त क्षणोक्षणी नव्याने तयार होणे अशक्य. अर्थात् तेच रक्त फिरत असले पाहिजे, असे त्याने १६२८ साली ग्रंथरूपाने मांडले. रोहिणीतील रक्त नीलेत कसे जाते, हे मात्र त्यास दिसले नव्हते. त्या केशवाहिन्या १६६१ साली माल्पिगी याने सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुप्फुसात पाहिल्या.

(३) नीलांतही झडपा असतात. हात खाली सोडल्यावर शिक्षकाने स्वतःच्या हातावरील फुगलेली नीला एका बोटाने दाबून धरावी व दुसऱ्या बोटाने त्यातील रक्त कोपराकडे सारावे. दुसरे बोट उचलले तरी वरच्या झडपेपर्यंतचा भाग रिकामाच राहतो. पहिले बोट उचलताच तो खालून भरतो. दिशेचा नियम मुलांना असा डोळ्यांनी दिसतो.

झडप बिघडली तर

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. झडप नीट मिटली नाही तर रक्त मागे गळते. आखडली तर पुढे जाण्यास वाट अपुरी पडते. दोन्ही प्रसंगी हृदयाला अधिक श्रम पडतात, थोड्या धावण्याने मुलास धाप लागते. याचे एक मोठे कारण म्हणजे संधिवाती ताप. विशिष्ट जंतूंमुळे घसा सुजतो, तो उपचारावाचून बरा झाल्यासारखा वाटतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी ताप येऊन गुडघे, घोटे, कोपर असे मोठे सांधे आळीपाळीने सुजतात. सांधे पुढे पूर्ववत् होतात. पण झडपांवर, विशेषतः द्विदल झडपेवर, कायमचा व्रण राहू शकतो. हा ताप मुख्यतः ५ ते १५ या वयात, म्हणजे शाळेच्याच वयात येतो.

प्रत्येक घसादुखी अशी नसते, म्हणून भीती पसरवू नये. तथापि, तापासह घसा दुखणारे मूल, सांधे सुजलेले मूल किंवा खेळताना वारंवार धापा टाकीत खाली बसणारे मूल दिसल्यास पालकांना बोलावून त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात नेण्यास सांगावे. घशाच्या या विकारावर वेळीच पेनिसिलिन दिल्यास पुढील अनर्थ टळतो. ताप एकदा येऊन गेलेल्या मुलास डॉक्टर दर तीन-चार आठवड्यांनी इंजेक्शन देतात. ते वर्षानुवर्षे चुकू न देणे अगत्याचे असते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयदोष व संधिवाती हृदयविकार यांचा तपासणीत समावेश आहे. तपासणीच्या दिवशी गैरहजर राहिलेल्या मुलांची यादी शिक्षकाने अवश्य ठेवावी. कवायतीत मागे पडणाऱ्या मुलास आळशी ठरविण्यापूर्वी त्याच्या धापेकडे पाहावे. रोज त्यास जवळून पाहणारा दुसरा जाणता माणूस गावात क्वचितच असतो.

स्वाध्याय

१. डाव्या जवनिकेची भिंत सर्वांत जाड का असते?
२. ‘लब्’ व ‘डब्’ हे आवाज कशाचे?
३. फूटव्हॉल्व्ह बिघडलेला पंप व झडप बिघडलेले हृदय यांतील साम्य लिहा.
४. स्वतःच्या नाडीवरून एका दिवसातील ठोके काढा.
५. घसादुखीकडे दुर्लक्ष का करू नये, हे घरी समजावून सांगा.