घराची अदृश्य पाटी



दिवाळीच्या सकाळीं डोंबिवलीच्या फडके रस्त्यावर तरुण मंडळींची केवढी गर्दी लोटते, हें आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. या गर्दींतील बहुतेकांच्या खिशांत फोन असतो, आणि तो फोन तेथें स्वस्थ बसलेला नसतो. रस्त्याच्या दुतर्फा असलेल्या घरांतून येणारे वाय-फायचे संकेत तो ऐकत असतो. फोनांतील स्थानदर्शनाची सोय चालू असल्यास, कोणत्या ठिकाणीं कोणते संकेत ऐकूं आले याची नोंद दूरच्या कंपनीकडे जाऊं शकते. हें कसें घडतें, आणि त्यांत आपलें काय गुंतलें आहे, याचा विचार आम्ही येथें करणार आहोंत.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊं. घरोघरीं इंटरनेट पुरविणारा जो राउटर असतो, त्याला दोन खुणा असतात. एक नांव, तें आपण ठेवूं तें. दुसरी खूण क्रमांक. तो बारा चिन्हांचा असून कारखान्यांतच ठरलेला असतो. राउटर या दोन्ही खुणा सेकंदास सुमारें दहा वेळां पुकारीत असतो. परवलीचा शब्द कितीही कठीण ठेवला, तरी त्यानें आंतील व्यवहार तेवढा झांकला जातो. ही पुकार उघडीच राहते. नांव लपविलें तरी क्रमांक लपत नाहीं. दारावरील पाटी दाराशीं येणाऱ्यासच दिसते. ही अदृश्य पाटी मात्र भिंती ओलांडून रस्त्यापर्यंत जाते.

कंपन्यांना या नोंदी कशास हव्या असतात? उपग्रहांचे संकेत इमारतींच्या आंत क्षीण होतात. अशा वेळीं फोन भोंवतालचे क्रमांक सांठविलेल्या यादीशीं ताडून आपली जागा ओळखतो. ठाण्यांतील दाट वस्तींत पाहुण्यास आपलें घर अचूक सांपडतें, त्यांत या यादीचाही वांटा असतो. तेव्हां ही विद्या मुळांत निंद्य नव्हे. प्रश्न इतकाच कीं, नोंद करण्यापूर्वीं घरधन्यास कोणीं विचारलें होतें काय?

हाच प्रश्न २०१० सालीं जगापुढें आला. रस्त्यांचीं छायाचित्रें घेत फिरणाऱ्या गूगलच्या गाड्या राउटरांच्या खुणाही टिपीत होत्या, हें जर्मनींतील चौकशीमुळें उघडकीस आलें. ज्या घरीं परवलीचा शब्द नव्हता, तेथील मजकुराचे तुकडेही गोळा झाले होते, असें कंपनीनें त्याच वर्षीं मे महिन्यांत कबूल केलें. फ्रान्सनें २०११ सालीं तिला एक लक्ष युरो दंड केला. आपल्या देशांत रस्त्यांच्या छायाचित्रांचें काम २०११ सालीं बंगळूर येथें सुरू होऊन पोलिसांच्या आक्षेपामुळें थांबलें. पुढें २०२२ सालीं तें मुंबई, पुणें, नाशिक आदि दहा शहरांसाठीं पुन्हां सुरू झालें. पण खुणा वेंचण्यासाठीं आतां गाडीची गरजच उरलेली नाहीं. तें काम आपले फोनच करतात. शेजाऱ्याच्या घराची नोंद आपल्या फोनानें होते, आणि आपल्या घराची शेजाऱ्याच्या!

यांत भय तें कोणतें, असें कोणी विचारील. २०२४ सालीं अमेरिकेंतील मेरिलंड विद्यापीठाच्या दोघां संशोधकांनीं ॲपल कंपनीच्या अशाच यादीची परीक्षा केली. एका क्रमांकाची विचारणा केली असतां शेजारच्या शेंकडों राउटरांचीं स्थानेंही उत्तरांत येत असत. अशा रीतीनें एका वर्षांत त्यांनीं जगभरच्या दोन अब्जांहून अधिक राउटरांचीं ठिकाणें जमविलीं. आतां कल्पना करा: छळास कंटाळून एखादी भगिनी कल्याण सोडून मुलांसह दुसऱ्या गांवीं राहावयास गेली, आणि जातांना जुना राउटर घेऊन गेली. पत्ता तिनें कोणास सांगितला नाहीं. पण ज्याला त्या राउटराचा क्रमांक ठाऊक आहे, त्याला तिचें नवें घर शोधतां येणें शक्य आहे. ज्याला लपविण्यासारखें कांहीं नाहीं त्याला भय नाहीं, हें म्हणणें म्हणूनच अपुरें आहे.

२४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं एकमतानें निर्णय दिला कीं, खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. २०२३ सालीं संसदेनें व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदाही केला. तथापि कायदा झाला म्हणून घराची कडी लावावयाची कोणी सोडीत नाहीं. येथेंही कांहीं गोष्टी आपल्याच हातीं आहेत.

एक, राउटराच्या नांवांत आडनांव, इमारत किंवा खोलीचा क्रमांक घालूं नये. दोन, नांवाच्या अगदीं शेवटीं रोमन लिपींत खालची रेघ आणि तिला जोडून एन, ओ, एम, ए, पी हीं लहान अक्षरें लिहावीं. ही खूण असलेला राउटर यादींत न घेण्याची सोय गूगलनें २०११ पासून व ॲपलनें २०२४ पासून ठेविली आहे. नांव बदलल्यावर घरांतील सर्व उपकरणें पुन्हां जोडावीं लागतात, एवढी तसदी मात्र आहे. तीन, ज्याला आपला ठावठिकाणा गुप्त ठेवणें अवश्य आहे, त्यानें घर बदलतांना राउटरही नवा घ्यावा. चार, फोनांतील ज्या ॲपला आपलें स्थान कळण्याचें कारण नाहीं, त्याची ती परवानगी काढून घ्यावी.

पालकांस आमची विनंति आहे कीं, येत्या रविवारीं मुलांसह बसून आपल्या राउटराचें नांव पाहावें. मुलांनींही शेजारच्या आजीआजोबांस या कामीं हात द्यावा. ज्या वस्तींत भिंतीस भिंत लागलेली आहे, तेथें शेजाऱ्याची झांकली मूठ राखणें हा शेजारधर्मच होय. आणि यंत्रें बदललीं म्हणून धर्म बदलत नाहीं.