बारा व्होल्टसमोरचा आकडा

माझ्या आतेभावाने गेल्या महिन्यात एका दुकानाचं कोटेशन व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. खाली लिहिलं होतं, "दादा, एवढ्यात गेमिंग पीसी बसतोय. उद्या अ‍ॅडव्हान्स देऊ का?" यादी चांगली होती. प्रोसेसर योग्य, ग्राफिक्स कार्ड योग्य, रॅमही पुरेशी. शेवटून दुसऱ्या ओळीत होतं, 'कॅबिनेट विथ एसएमपीएस', म्हणजे कॅबिनेटसोबतच वीजपुरवठ्याचा डबा. मी उलट मेसेज न करता फोनच लावला. म्हटलं, उद्या काही देऊ नकोस, आधी माझं ऐकून घे. हीच ओळ २०२२ च्या दिवाळीत माझ्या यादीत होती.

तेव्हा मी डोंबिवलीत राहून नोकरी करत होतो. घर कराडजवळच्या एका वाडीत. धाकटा भाऊ इंजिनिअरिंगला, आई प्राथमिक शाळेत शिक्षिका. सगळ्यांना मिळून एक मशीन करायचं, त्यावर भावाचा अभ्यास, आईचं शाळेचं काम आणि आम्हा दोघांच्या गेम असं सगळं व्हावं, असं ठरलं. मॉनिटर धरून बजेट ५० हजार. मी ओळीने तीन शनिवार लॅमिंग्टन रोडला घातले. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असं नाव आहे, पण ग्रँट रोड स्टेशनला उतरून ते नाव कुणी विचारत नाही. दुकानागणिक भाव वहीत उतरवले, प्रत्येक भाग जिथे स्वस्त तिथून घेतला, आणि महालक्ष्मी एक्स्प्रेसने सगळी खोकी घरी नेली.

यादी अशी होती : रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, आठ जीबीची एक रॅम, आरएक्स ६५०० एक्सटी हे चार जीबीचं ग्राफिक्स कार्ड, ५०० जीबीची एसएसडी, जुन्या कॉम्प्युटरमधली हार्ड डिस्क, आणि कॅबिनेटसोबत आलेला '४५० वॅट'चा एसएमपीएस. यातली एकही वस्तू खोटी नव्हती. प्रत्येकीचा भाव मी घासाघीस करून उतरवला होता. पण या वस्तू एकत्र आल्यावर एकमेकींचं काय करतील, हा प्रश्न तीन शनिवारांत मी एकदाही विचारला नाही. माझी चूक झाली ती इथे, आणि आज मला कोटेशन पाठवणाऱ्या दहांपैकी निम्म्याहून अधिक मुलांची चूक तिथेच असते.

भाऊबिजेच्या दुपारी मशीन सुरू झालं. व्हॅलोरंट मख्खन चाललं, आम्ही खूश. मग एल्डन रिंग टाकली. घोड्यावरून माळ ओलांडायला लागलं की चित्र अडखळायचं, अर्धा सेकंद गोठायचं, मग पुढे उडी मारायचं. सेटिंग कमी केल्या, ड्रायव्हर बदलले. कारण कळायला मला दोन आठवडे लागले.

ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी भरली की उरलेलं चित्रांचं सामान त्याला मदरबोर्डवरच्या रॅममधून आणावं लागतं. ते येतं पीसीआय एक्स्प्रेस नावाच्या रस्त्याने. बहुतेक कार्डांना या रस्त्याच्या १६ किंवा ८ लेन मिळतात. ६५०० एक्सटीला फक्त चार. रस्ता चौथ्या पिढीचा असेल तर त्या चार लेनमधून सेकंदाला सुमारे आठ जीबी जातात, तिसऱ्या पिढीचा असेल तर त्याच्या निम्मे. माझा प्रोसेसर, तो ५६००जी, तिसऱ्याच पिढीचा रस्ता देतो, आणि बी४५० बोर्डही तिसऱ्याच पिढीचा. म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला १४४ जीबी वेगाने चालत होती आणि ती भरली की पुढचं सामान चार जीबीच्या बोळातून येत होतं. चित्र गोठायचं ते त्यामुळे. मी ५६०० हा त्याचा सख्खा भाऊ घेतला असता आणि सोबत बी५५० बोर्ड, तर रस्ता दुप्पट झाला असता. आरएक्स ६६०० घेतलं असतं तर आठ जीबी मेमरी आणि आठ लेन मिळाल्या असत्या, आणि तिसऱ्या पिढीच्या रस्त्यावरही काम भागलं असतं. ते कार्ड तेव्हा महाग होतं हे खरं. पण ५६००जी घेण्याचं कारणच माझ्याकडे उरलं नव्हतं. नावातला 'जी' सांगतो की आत ग्राफिक्स आहे. ज्याला कार्ड आज घ्यायचंच नाही, सहा महिन्यांनी पैसे जमल्यावर घ्यायचंय, त्याच्यासाठी तो उत्तम. कार्ड सोबतच घेणाऱ्याला त्यात तोटा, कारण त्याची एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, १६ एमबी, ५६००ची ३२.

उलट बाजूही सांगायला हवी. ५६०० किंवा इंटेलचे नावाशेवटी 'एफ' असलेले प्रोसेसर, उदाहरणार्थ आय३-१२१००एफ, कार्डाशिवाय पडद्यावर काहीच दाखवत नाहीत. कार्ड वॉरंटीत दुरुस्तीला गेलं की ते परत येईपर्यंत मशीन बंद. घरात तोच एक कॉम्प्युटर असेल, त्यावर कुणाचं कॉलेज असेल, तर हे आधी मनात धरा.

'जी' असलेल्या प्रोसेसरचा आणखी एक फसवा गुण असतो. पहिला आठवडाभर भावाने मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या एचडीएमआयमध्ये लावली होती, कार्डाच्या नाही. पडदा नीट दिसत होता, कारण प्रोसेसरमधलं ग्राफिक्स चाललं होतं. कार्ड नुसतं आत बसून होतं. केबल खालच्या आडव्या जागेत, कार्डावरच लावायची.

रॅमचं थोडक्यात. आठची एक घेऊन पुढे दुसरी टाकू, असं सगळेच म्हणतात. एका कांडीने रॅमचा एकच मार्ग चालतो, दोन कांड्यांनी दोन. आठ-आठच्या दोन एकाच पाकिटातल्या घ्या आणि चार खाचा असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवा. बोर्डाच्या पुस्तिकेत चित्र असतंच. मग बायॉसमध्ये जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, सुरू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर चालत राहते आणि कुणाला पत्ता लागत नाही. मॉनिटरचंही तसंच : १४४ हर्ट्झचा घेतला असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्येही १४४ निवडावं लागतं. मी पाहिलेल्या निदान तीन मशीनवर ते ६० वरच होतं.

आता एसएमपीएस.

आमच्या वाडीत संध्याकाळी विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं. बल्ब पिवळे होतात, पंखा मंद होतो. २३० ऐवजी १८० च्या खाली येतं. बहुतेक चांगले एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टपर्यंत कुठेही काम करतात. त्यात अ‍ॅक्टिव्ह पीएफसी नावाची सोय असते, ती हे सांभाळून घेते. कॅबिनेटसोबत येणाऱ्या डब्यात ती सहसा नसते. शहरात बसून यादी करताना मी गावची वीज विसरलो, जन्मापासून ती बघत असूनही.

आणि वॅटचा आकडा. डब्यावर मोठ्या अक्षरात ४५० लिहिलेलं होतं. बाजूला एक बारीक तक्ता असतो, तो मी वाचलाच नव्हता. प्रोसेसर आणि कार्ड हे दोघेही १२ व्होल्टच्या लाइनवरून वीज घेतात, म्हणून त्या तक्त्यात १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते पाहायचं आणि १२ ने गुणायचं. माझ्या डब्यावर १४ होतं. १४ गुणिले १२, म्हणजे १६८ वॅट. माझा प्रोसेसर जोर लावला की ८८ वॅटपर्यंत घेतो, कार्ड १०७. बेरीज १९५, पंखे आणि डिस्क वेगळे. म्हणजे गेम सुरू झाली की तो डबा पहिल्या दिवसापासून क्षमतेबाहेर ओढला जात होता. सहा महिन्यांत दोन-तीनदा मशीन आपोआप रीस्टार्ट झालं. आम्ही दोष गेमला दिला.

२०२३ च्या जूनमध्ये, पाऊस यायच्या आधी, संध्याकाळी भाऊ असाइनमेंट करत होता. कॅबिनेटमधून जळका वास आला आणि सगळं बंद पडलं. कराडच्या मेकॅनिकने दुसरा एसएमपीएस लावून बघितला. मदरबोर्ड गेला होता, हार्ड डिस्कही गेली होती. प्रोसेसर, कार्ड आणि एसएसडी वाचले. त्या हार्ड डिस्कवर आईच्या अकरा वर्षांतल्या वर्गांचे फोटो होते, सहलींचे, स्नेहसंमेलनाचे, बदली होऊन गेलेल्या बाईंच्या निरोपाचे. दुसरी प्रत नव्हती. आई मला एक शब्द बोलली नाही. मी आजही त्या फोटोंचा विषय काढू शकत नाही.

मदरबोर्डची वॉरंटी शिल्लक होती. पण जीएसटी वाचवायला मी कच्चं बिल घेतलं होतं, एका चिठ्ठीवर लिहिलेलं, त्यावर सीरियल नंबर नव्हता. दुकानदाराने हात वर केले. त्याच्यावर मी किती रागावू, चिठ्ठी तर मीच मागून घेतली होती. प्रत्येक भागाचं पक्कं बिल घ्या, त्यावर सीरियल नंबर टाकून घ्या, आणि खोक्यावरचा नंबर आतल्या वस्तूवरच्या नंबराशी काउंटरवरच ताडून बघा. ५० हजारांच्या मशीनमध्ये हा कर हीच तुमची विमा पॉलिसी आहे.

दुसऱ्यांदा जुळवलं तेव्हा मी यादी उलटीकडून लिहिली. आधी एसएमपीएस : ५५० वॅट, एटी प्लस ब्राँझ, पाच वर्षं वॉरंटी. एटी प्लसचा शिक्का वीज किती वाया जात नाही एवढंच सांगतो, संरक्षणाची हमी तो देत नाही. म्हणून वॉरंटीची वर्षं आणि तो १२ व्होल्टचा आकडा दोन्ही बघायचे. मग भिंतीतला प्लग. आमच्या जुन्या घरात अर्थिंग नव्हतं, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या यायच्या. इलेक्ट्रिशियन बोलावून आधी ते करून घेतलं. मग बी५५० बोर्ड, रॅमच्या दोन कांड्या, समोर जाळी असलेलं साधं कॅबिनेट. समोर सबंध काच आणि रंगीत दिवे असलेल्या कॅबिनेटमध्ये हवा आत यायला फारशी जागा नसते. कार्ड सगळ्यात शेवटी, ६५०० एक्सटी विकून. माझ्या मते गेमिंग मशीनमध्ये मॉनिटर सोडून उरलेल्या पैशांतला तिसरा हिस्सा ते चाळीस टक्के कार्डाला द्यावा. पण एसएमपीएसमधून काढून तिकडे एक रुपयाही वळवू नये.

जुनं कार्ड घ्यावं का, हेही मुलं विचारतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं माइनिंग बंद झालं तेव्हा अशी कार्डं बाजारात भरपूर आली. माइनिंगला वापरलेलं प्रत्येक कार्ड मेलेलं असतं असं नाही; त्याचे पंखे आणि थर्मल पॅड मात्र दमलेले असतात. विकणाऱ्याच्या घरी जाऊन अर्धा तास जड गेम चालवून बघा, जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर उघडून नाव आणि कोरची संख्या तपासा. आरएक्स ५८० म्हणून २०४८ कोरची आवृत्ती विकली जाते, खऱ्या ५८० मध्ये २३०४ असतात. ज्याच्याकडे बिल नाही आणि जो कार्ड चालवून दाखवत नाही, त्याच्याकडून कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

आणि मशीन गाडीतून, एसटीतून न्यायचं असेल तर ग्राफिक्स कार्ड काढून वेगळ्या खोक्यात न्या. त्याच्या वजनाने धक्क्यात मदरबोर्डवरची खाच तुटू शकते.

हे सगळं आतेभावाने फोनवर ऐकलं, मधे मधे "हां दादा" म्हणत. शनिवारी तो पुन्हा दुकानात गेला आणि तिथूनच फोन केला. मागे गर्दीचा आवाज होता. "दादा, कॅबिनेट रिकामं घेतलंय. एसएमपीएस वेगळा काढलाय त्यांनी. बारा व्होल्टसमोर काय लिहिलंय वाचू?"

"वाच."

"पंचेचाळीस."

बाराने गुणून किती झाले ते त्यालाच विचारलं. थोडा वेळ घेऊन त्याने ५४० सांगितले. मग मी त्याला बिलावर नंबर टाकून घ्यायला सांगितलं.