भीड, जामीन आणि दशांश

आमच्या मंडळीत पैशाचा विषय वर्षातून दोनदा निघतो. एकदा हंगामाच्या सणाला आणि एकदा चर्चचं छप्पर गळायला लागलं की. दोन्ही वेळा बोलणं 'किती द्यायचं' एवढ्यावरच येऊन थांबतं. कुठून द्यायचं, कोणाचं आधी फेडायचं, घरात हे ठरवायचं कोणी, याबद्दल व्यासपीठावरून कोणी बोलत नाही आणि घरी बोलायची आपल्याला भीड वाटते. भीड भिकेची बहीण, असं माझी आजी म्हणायची. आजी नगर जिल्ह्यातली, अमेरिकन मराठी मिशनच्या वळणात वाढलेली. भाकरीला पीठ काढलं की त्यातली एक मूठ आधी वेगळ्या डब्यात जायची आणि रविवारी तो डबा चर्चमध्ये. 'दशांश' हा शब्द तिच्या तोंडी फारसा नसे. पण वाण्याची उधारी ठेवून तिनं मूठ काढली, असं कधी झालं नाही.

यांच्या रेल्वेच्या नोकरीपायी आम्ही बनारसला आलो आणि इथलेच झालो. काशीत मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, ब्रह्माघाट-दुर्गाघाटाकडच्या गल्ल्यांत अजून मराठी ऐकू येतं. मात्र 'मराठी आणि ख्रिस्ती' म्हटलं की समोरच्याच्या भुवया वर जातात. तेव्हा मी नीळकंठशास्त्री गोऱ्यांचं नाव सांगते. काशीत वाढलेला हा चित्पावन शास्त्री मिशनऱ्यांचं खंडन करायला म्हणून गेला आणि 1848 साली जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाला. त्यामुळे आम्ही काही इथले पहिले नाही.

या शहरात दान टाळून चालताच येत नाही. दशाश्वमेधाच्या वाटेवर सुट्ट्या नाण्यांचे ढीग घेऊन बसलेली माणसं दिसतात. यात्रेकरू नोट देतो, नोटेच्या किमतीपेक्षा थोडी कमी नाणी घेतो आणि रांगेतल्या प्रत्येक वाटीत एकेक टाकत पुढे जातो. मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. किती द्यायचं हे त्यानं घाटावर पोचण्याआधी ठरवलेलं असतं, नाणी संपली की हात जोडतो आणि पुढे जातो. आमच्याकडे सभेत डोळे मिटून, गाणं चढत असताना जे आकडे ठरतात, त्यापेक्षा ही पद्धत बरी.

याच शहरातलं दुसरं उदाहरण मला त्याहून आवडतं. राजा जयनारायण घोषाल हे बंगालातले हिंदू जमीनदार. आजारातून उठल्याच्या कृतज्ञतेपोटी त्यांनी इथे मुलांसाठी शाळा काढली आणि 1818 साली ती चर्च मिशनरी सोसायटीच्या हाती सोपवली. सोपवली म्हणजे नुसता शब्द दिला नाही. घर दिलं, खर्चासाठी नेमून उत्पन्न लावून दिलं, सगळं कागदावर. त्यांच्या नावाची शाळा दोनशे वर्षांनंतरही चालू आहे. आपण काही राजे नाही. पण द्यायच्या आधी हिशेब मांडायला राजेपण लागत नाही.

आता आमच्या घरी काय झालं ते सांगते.

मंडळीतल्या एका बंधूंना मुलीच्या लग्नासाठी पतसंस्थेचं कर्ज हवं होतं. दोन पगारदार जामीन लागत होते. रविवारी उपासनेनंतर चहाच्या वेळी कागद पुढे आला. "भाईसाहब, बस दस्तख़त की बात है." यांनी खिशातलं पेन काढलं. मला कळलं ते घरी आल्यावर, जेवताना, तेही सहज बोलण्याच्या ओघात. "पैसे कुठे दिले? सही तर केली," असं यांचं म्हणणं. बंधूला मदत केली, प्रभूच्या नावानं केली, खिशाला तोशीस नाही. त्या दुपारी मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

पुढे त्या गृहस्थांनी नोकरी सोडली आणि शहरही सोडलं. मग एका महिन्यात यांच्या पे-स्लिपवर कपातीच्या रकान्यात एक नवी ओळ आली. पतसंस्थेत विचारायला गेलो तर तिथल्या बाबूनं शांतपणे जामीनपत्र काढून सही दाखवली. त्याचं काही चुकलं नव्हतं. भारतीय करार कायदा 1872 सालचा आहे आणि त्याचं 128 वं कलम म्हणतं की करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. सावकारानं आधी कर्जदाराच्या मागे लागून दमायला हवं, मगच जामीनदाराकडे वळायला हवं, असा आपला सगळ्यांचा समज असतो. कायद्यात तसं काही नाही. ज्याचा पगार हाताशी, त्याच्याकडून वसुली. आणि बँकेचं कर्ज असेल तर ते जामीनदाराच्याही क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसतं. उद्या स्वतःला घरासाठी कर्ज हवं असलं की तिथे अडतं.

इथवरचं कोणाच्याही घरी घडतं. आमच्या घरची खरी गोची पुढे होती. पगार कमी झाला, पण दशांशाचं पाकीट होतं तेवढंच राहिलं. ते कमी करणं म्हणजे विश्वास कमी पडल्यासारखं वाटे. शिवाय मंडळीत पाकिटावर नाव असतं आणि खजिनदार शेजारच्याच बाकावर बसतात. मग तोंडमिळवणी कशी? सासूबाई नगरहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या, त्यांचा मोतीबिंदू 'पुढच्या हिवाळ्यात करू' म्हणून ढकलला. किराणा उधारीवर गेला. एकदा मी तेल आणि तूरडाळ घ्यायला गेले तेव्हा कोपऱ्यावरचा वाणी लाल वहीत आकडा लिहिता लिहिता म्हणाला, "भाभीजी, गिरजाघर में नगद, और हमारे यहाँ खाते में?" हसत म्हणाला, पण वही माझ्याकडे वळवून बेरीज दाखवली.

त्या बेरजेनं जे शिकवलं ते कुठल्या प्रवचनात ऐकलं नव्हतं. मी घरी येऊन पवित्र शास्त्र काढलं आणि देण्याबद्दलचे उतारे ओळीनं वाचले, सभेत वाचतात तेवढेच नाही, त्यांच्या मागचे-पुढचेही. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल वर्गणी मागतोय, तरी स्पष्ट सांगतो की माणसाजवळ जे आहे त्यावरून दान मोजलं जातं, जे नाही त्यावरून नाही. इतरांना सुख आणि तुम्हाला ओढाताण, असं त्याला नकोच आहे. रोमकरांच्या पत्रात तो कोणाचं देणं ठेवू नका म्हणतो. वाण्याचे पैसे आमच्या घरात होते म्हणून ते आमचे झाले नव्हते. दुसऱ्याचे पैसे देवाला वाहणं याला अर्पण म्हणायला माझी जीभ वळत नाही.

सासूबाईंच्या डोळ्यांबद्दल तर मार्कच्या सातव्या अध्यायानं माझी बोलतीच बंद केली. आईवडिलांना ज्याचा उपयोग व्हायचा ते 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलेलं, असं सांगून हात झटकणाऱ्यांना येशूनं तिथे चांगलंच फटकारलंय. विधवेच्या दोन दमड्यांची गोष्ट आपण मुलांना शब्बाथ शाळेत शिकवतो, ही मात्र शिकवत नाही. आणि त्या विधवेनं दिलं ते स्वतःचं होतं, सासूच्या औषधाचं नव्हतं.

जामीन राहण्याविषयी नीतिसूत्रांइतकं रोखठोक कोणीच बोललेलं नाही. सहाव्या अध्यायात तर अडकला असशील तर झोपू नकोस, जा आणि स्वतःला सोडवून घे, असा सल्ला आहे. आम्ही तो उशिरा ऐकला, पण ऐकला. तुम्ही अशा कागदात असाल तर आधी लेखी अर्ज करून दुसरा जामीनदार घेतात का ते विचारा, कर्जदार शहरात आहे तोवरच. तुमच्या संमतीशिवाय कर्जाच्या अटी बदलल्या असतील तर तो मुद्दा वकिलाला दाखवा, त्यापुढच्या व्यवहाराच्या जबाबदारीतून जामीनदार सुटू शकतो. आणि भरलेल्या प्रत्येक हप्त्याची पावती जपा, कारण तेवढे पैसे कर्जदाराकडून मागायचा हक्क कायद्यानं तुम्हाला आहे. हक्क आहे म्हणजे पैसे मिळतात असं नाही, हेही ऐकून ठेवा.

मदतीचं काय मग? हात आखडता घ्यायचा? मुळीच नाही. आमच्या घरी आता रीत अशी की कोणी उसने मागितले तर आम्ही दोघं आत जाऊन एकच विचारतो, हे परत आले नाहीत तर चालेल का? चालेल तेवढेच द्यायचे आणि वहीत 'दिले' म्हणून लिहायचे, 'येणे' म्हणून नाही. त्या बंधूंना लग्नासाठी आम्ही एका महिन्याची बचत उचलून दिली असती, तर त्यांनाही थोडं कर्ज कमी लागलं असतं आणि आजही आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघू शकलो असतो. येणेकऱ्याच्या घरी माणूस जायचं टाळतो. मंडळीतलं एक कुटुंब त्या सहीनं तुटलं, ते मला कपातीपेक्षा जास्त लागतं.

'दोघं' यावर माझा जोर आहे. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचलंय त्यांना रेव्हरंड टिळकांच्या हातात पैसा कसा टिकत नसे ते माहीत आहे. 1917 मध्ये तर त्यांनी मिशनचा पगारही सोडला. लक्ष्मीबाई हे सगळं अशा काही विनोदानं सांगतात की वाचताना आपण हसतो, पण त्या हसण्याखाली घर चालवणाऱ्या बाईची जी धावपळ आहे ती संसार केलेल्या कोणालाही दिसेल. टिळकांइतकी प्रतिभा आपल्या यजमानांकडे नसेल तर निदान सही करण्याआधी घरी विचारायची सवय असावी. बायकांनाही हेच लागू. बचत गटातल्या मैत्रिणीसाठी गुपचूप सही करणाऱ्या मी कमी पाहिलेल्या नाहीत.

उजव्या हाताचं डाव्याला कळू नये हे मत्तयातलं वचन इथे हमखास पुढे येतं. ते देखाव्याविरुद्ध आहे, वहीविरुद्ध नाही. वर्गणी पोचवताना पौलानंच सोबत भरवशाची माणसं घेतली होती, कोणी बोट दाखवू नये म्हणून. तेव्हा मंडळीकडे पावती मागा, वार्षिक हिशेब वाचला जात नसेल तर वाचायला सांगा. पाळकांवर अविश्वास म्हणून नाही. प्रामाणिक पाळकालाच त्याचा सगळ्यांत जास्त आधार होतो.

कर्जाच्या काळात दशांशाचं काय, हे मला पुष्कळ जणी विचारतात. आम्ही केलं ते सांगते. पाकीट बंद केलं नाही, लहान केलं. समजा घरात 40,000 येतात आणि 12,000 सक्तीच्या कपातीत जातात, तर उरलेल्या 28,000 वर 2,800. कोणी म्हणेल हिशेब ढोबळ पगारावर हवा. त्यांनी तसा करावा, माझं भांडण नाही. पण आम्ही पाळकांना भेटून स्पष्ट सांगितलं आणि जग बुडालं नाही. ते म्हणाले, मला आधीच सांगायला हवं होतं. वाण्याची वही कोरी झाल्यावर पाकीट पुन्हा पूर्वीसारखं झालं.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. बाहेरून येणारे काही सभावाले मलाखीचा तिसरा अध्याय उघडतात, इतकं पेरा, इतक्या पटीनं उगवेल म्हणतात आणि स्टेजवर क्यूआर कोड लावतात. मलाखी वाचा, पण सोबत अनुवादाचा चौदावा अध्यायही वाचा. दशांशातून देणाऱ्याच्या घरानं देवापुढे आनंदानं जेवावं असं तिथे आहे. दर तिसऱ्या वर्षी तो गावातल्या लेव्याला, परक्याला, अनाथाला, विधवेला पोटभर मिळावा असंही आहे. पटीनं परत मिळावं म्हणून जे दिलं जातं ती गुंतवणूक झाली, आणि गुंतवणूकच करायची तर पोस्टात करा. करसवलतीच्या आशेनंही देऊ नका: मंडळीच्या अर्पणाला ती सहसा नसते, नोंदणीकृत सेवाभावी संस्थेलाही 2,000 रुपयांवर रोख दिलं तर धरत नाहीत, आणि नवी करपद्धत निवडली असेल तर तो विषयच मिटला.

सासूबाईंचा उजवा डोळा झाला, छान दिसतं. मध्यंतरी त्या बंधूंच्या मुलीनं, जिच्या लग्नासाठी ते सगळं झालं तिनं, यांच्या खात्यावर काही रक्कम पाठवली आणि दर महिन्याला जमेल तसं पाठवीन असा निरोप दिला. आम्ही ते पैसे कधीच 'दिले' म्हणून लिहून टाकले होते. त्यामुळे घरात नवा वाद आहे. हे म्हणतात, एकदा दिलं ते दिलं, आता आपलं नाही, अर्पणाच्या पेटीत टाकू. मी म्हणते, सासूबाईंचा डावा डोळा अजून व्हायचा आहे. सासूबाई म्हणतात, पोरीला आधी फोन करा, तिचं बरं चाललंय का ते तरी विचारा.