‘समजले ना?’

पाठ संपतो. गुरुजी विचारतात, “समजले ना?” वर्ग एका सुरात उत्तरतो, “हो, गुरुजी!” या होकारावर समाधान मानणे ही शिक्षकाची सर्वांत सुलभ आत्मवंचना होय. त्याच वेळी एखाद्या पाटीवर ५२ – २७ चे उत्तर ३५ असते. मुलाने सातातून दोन वजा केलेले असतात. हा निष्काळजीपणा नव्हे. दशक सुटा करण्याची कल्पनाच त्याला उमगलेली नसते.

मन अनुकूल तेवढे जपते. चार्ल्स डार्विन (१८०९–१८८२) यांनी हे ओळखले होते. आपल्या निष्कर्षांच्या विरुद्ध जाणारे काही आढळताच ते तत्काळ टिपून ठेवीत. कारण अशाच गोष्टी स्मरणातून लवकर निसटतात, असा त्यांचा अनुभव होता.

शिक्षकानेही टाचणवहीत रोज दोन चुकीची उत्तरे जशीच्या तशी उतरून घ्यावीत व दुसऱ्या दिवशीचा पाठ तेथूनच सुरू करावा. काड्यांचे पाच गठ्ठे व दोन सुट्या काड्या मुलाच्या हाती द्याव्यात; एक गठ्ठा त्यालाच सोडू द्यावा. ‘मूल चुकले’ असे लिहिणे सोपे असते. ‘माझे शिकवायचे राहिले’ असे लिहिण्यास धैर्य लागते, आणि शिक्षकाची वाढ त्या ओळीपासून सुरू होते.