मिश्रणांचे प्रकार व पिण्याचे पाणी

आषाढात आंबेगाव तालुक्यातील घोड व जुन्नर तालुक्यातील कुकडी ह्या नद्यांचे पाणी गढूळ होते. हे गढूळ पाणी म्हणजे मिश्रणच होय. दोन किंवा अधिक पदार्थ एकत्र येऊनही त्यांचा रासायनिक संयोग होत नाही आणि प्रत्येकाचा गुण कायम राहतो, तेव्हा त्यांस मिश्रण म्हणतात. कणांच्या आकारावरून ह्याचे तीन प्रकार आम्ही येथे सांगतो.

पहिला प्रकार निलंबन. ह्यातील कण मिलिमीटरच्या १,०००व्या भागाहून मोठे असतात, म्हणून ते काही वेळाने तळाशी बसतात. नदीच्या पाण्यातील वाळू अशीच बसते. नारायणगावाकडील द्राक्षबागांत फवारतात ते बोर्डो मिश्रणही ह्याच जातीचे. १ टक्का मिश्रणास १ किलो मोरचूद, १ किलो चुना व १०० लिटर पाणी लागते. ते ढवळीत राहिले नाही, तर औषध तळाशी राहून वेलीवर नुसते पाणी पडते.

दुसरा प्रकार कलिल. हे कण इतके बारीक असतात की ते फडक्यातून निघून जातात व आपोआप बसत नाहीत. इंग्रजीतील ह्याचे नाव थॉमस ग्रॅहम ह्या रसायनशास्त्रज्ञाने १८६१ साली दिले. दूध हे कलिल होय. पाण्यातील अतिबारीक मातीही तशीच. तिच्या कणांवर एकाच जातीचा विद्युद्भार असल्यामुळे ते एकमेकांस दूर लोटतात. तुरटी फिरविली म्हणजे तो भार नाहीसा होतो, कण एकवटतात व खाली बसतात.

तिसरा प्रकार द्रावण. मीठ पाण्यात विरघळले म्हणजे ते डोळ्यांस दिसत नाही, फडक्यात अडकत नाही व तुरटीनेही बसत नाही. शेतात घातलेल्या खतातील नायट्रेट असेच विरघळून विहिरीत उतरते.

येथे वाचकांनी सावध असावे. निवळलेले पाणी शुद्धच असते असे नाही. उकळल्याने रोगजंतू मरतात, म्हणून उकळणे अवश्य आहे. परंतु नायट्रेट उकळल्याने जात नाही. पाण्याची वाफ होते, नायट्रेट मागे राहते, व उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण उलट वाढते. भारतीय मानकाप्रमाणे १ लिटर पिण्याच्या पाण्यात ४५ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट नसावे. त्याच्या आधिक्याने तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते. तेव्हा खत घातलेल्या शेतालगतच्या विहिरीचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे, आणि तोपर्यंत तान्ह्या मुलांस ते देऊ नये.