आधी अंगाला काम, मग वही

गृहपाठाला बसवलं की पाचव्या मिनिटाला पाय हलू लागतात, पेन्सिल तोंडात जाते, खुर्ची मागच्या दोन पायांवर डोलू लागते. आई-बाबांनो, हा दर वेळी हट्टीपणा नसतो. शाळा, व्हॅन, शिकवणी असा सगळा दिवस बसूनच गेलेला असतो, आणि आपण पुन्हा म्हणतो, "एका जागी बस!"

पाच ज्ञानेंद्रियं आपण सगळ्यांनी पाठ केली. पण हात-पाय कुठे आहेत, किती जोर लागतोय, हे स्नायू आणि सांधेही मेंदूला सतत कळवत असतात. कानाच्या आतल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोकं कसं वळलं ते सांगतात. जीन एअर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टनी १९७२च्या त्यांच्या पुस्तकात या जाणिवांचा मेळ आणि शिकणं यांचं नातं मांडलं.

माझा सर्वांत जास्त भरवसा आहे तो जोर लावायच्या कामांवर. वही उघडण्याआधी दहा मिनिटं कणीक मळू द्या. गाद्या ओढून घालणं, झाडांना बादलीनं पाणी नेणं, बटाट्यांची पिशवी पेलेल तेवढी उचलणं, काहीच नसेल तर दोन्ही हातांनी भिंत ढकलणं. कणीक सैल होईल, ओट्यावर पीठ सांडेल, सांडू दे. फक्त "अभ्यास केला नाहीस ना, मग भर पाणी" असं नको. शिक्षा झाली की त्यातला उपयोगच संपला.

झोका, फुगडी यांचं मात्र जरा बघून. संथ, एका लयीतल्या झोक्यानं बरीच मुलं निवतात; गरगर फिरल्यानं काही जण आणखीच उधळतात. आपलं मूल यांतलं कुठलं, ते तुम्हालाच कळेल. उधळलं तर मारिया माँटेसरींचा शांततेचा खेळ करून पाहा: मुलांनी अजिबात आवाज न करता बसायचं, आणि आपण पलीकडच्या खोलीतून कुजबुजत एकेकाचं नाव घ्यायचं. नाव ऐकू येईल त्यानं पाय न वाजवता यायचं. "गप्प बसा" न म्हणता घर गप्प होतं!

आणखी एक आतली जाणीव असते: भूक, तहान, लघवी, छातीतली धडधड. संध्याकाळची निम्मी रडारड भुकेचीच असते असं माझं मत. "का चिडलास?" याचं उत्तर मुलाला देता येत नाही, "पोटात कसं वाटतंय?" याचं येतं. पळून आल्यावर छातीवर हात ठेवून ठोके मोजायला सांगा.

हे रामबाण नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१२मध्ये सांगितलं होतं, की जाणिवांच्या मेळावर आधारलेल्या उपचारांचा उपयोग होतो याचा पुरावा मर्यादित आहे. मिक्सरचा आवाज, नखं कापणं, कपड्यांची लेबलं यांनी रोजचं जगणंच अडत असेल, तर महागडे खास चेंडू आणि जड ब्लँकेटं मागवण्याआधी मुलाला बालरोगतज्ज्ञांना दाखवा.