वय आणि अव्वल दर्जाचे टेनिस

१९७४ साली विंबल्डनच्या अंतिम सामन्यात एकोणचाळीस वर्षांचा ऑस्ट्रेलियन खेळाडू केन रोझवॉल आणि एकवीस वर्षांचा अमेरिकन खेळाडू जिमी कॉनर्स समोरासमोर आले. कॉनर्सने तो सामना ६-१, ६-१, ६-४ असा जिंकला. दोन महिन्यांनी अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पुन्हा त्यांचीच गाठ पडली आणि निकाल ६-१, ६-०, ६-१ असा लागला. दोन्ही सामने मिळून सहा सेटमध्ये रोझवॉलला अवघे आठ गेम जिंकता आले. चाळिशीकडे झुकलेल्या खेळाडूने तरुणांशी स्पर्धा करू नये, असा निष्कर्ष या आकड्यांवरून अनेकांनी काढला असल्यास नवल नाही.

तथापि हा निष्कर्ष अपुरा आहे. त्या वर्षी विंबल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीत रोझवॉलने जॉन न्यूकम याला हरवले होते. न्यूकम हा १९७३ चा अमेरिकन विजेता होता. उपांत्य फेरीत १९७२ चा विंबल्डन विजेता स्टॅन स्मिथ पहिले दोन सेट जिंकून पुढे होता. तेथून उरलेले तीनही सेट रोझवॉलने जिंकले. अमेरिकन स्पर्धेच्या उपांत्य फेरीतही त्याने न्यूकमला पुन्हा पराभूत केले. तेव्हा वय झालेला विजेता अव्वल दर्जाचा खेळ करू शकतो की नाही, एवढेच विचारून भागत नाही. तो असा खेळ किती वेळा आणि किती दिवस करू शकतो, हेही पाहिले पाहिजे.

रोझवॉलचा जन्म २ नोव्हेंबर १९३४ रोजी सिडनी येथे झाला. तो मुळात डावखुरा. परंतु वडिलांनी त्याला उजव्या हाताने खेळायला शिकवले. उंची जेमतेम पाच फूट सात इंच. १९५३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याने ऑस्ट्रेलियन आणि फ्रेंच विजेतेपदे मिळवली. १९५७ पासून तो व्यावसायिक झाला आणि त्या काळच्या नियमांनुसार चारही प्रमुख स्पर्धांची दारे त्याला बंद झाली. १९६८ मध्ये ती उघडली तेव्हा त्याने तिशी ओलांडली होती. खेळाडूच्या उमेदीची मानली जाणारी वर्षे या स्पर्धांबाहेर गेली होती. तरीही १९६८ मध्ये फ्रेंच, १९७० मध्ये अमेरिकन आणि १९७१ व १९७२ मध्ये ऑस्ट्रेलियन विजेतेपद त्याने पटकावले. यांतील शेवटच्या विजयाच्या वेळी त्याचे वय ३७ वर्षे २ महिने होते. खुल्या स्पर्धांच्या युगात याहून अधिक वयाच्या पुरुषाने प्रमुख स्पर्धेतील एकेरीचे विजेतेपद २०२५ अखेरपर्यंत मिळवलेले नव्हते.

हे कसे शक्य झाले? रोझवॉलचा खेळ बळावर उभा नव्हता. चेंडूला खालून काप देऊन मारलेला त्याचा बॅकहँड अचूक होता आणि त्यात शक्तीचा अपव्यय नव्हता. चेंडू कोठे येणार हे आधी ओळखून तो तेथे पोचलेला असे, म्हणून त्याला धावावे कमी लागे. अशा खेळाला वयाची झळ उशिरा लागते. पण त्याची सर्व्हिस वेगवान नव्हती, आणि सर्व्हिस परतवण्यात निष्णात असलेल्या कॉनर्सने नेमके तेच वर्म हेरले. म्हणजे १९७४ च्या पराभवांना वयाबरोबरच खेळाची शैलीही कारणीभूत होती.

वयाचा परिणाम शरीरावर सर्वत्र सारखा होत नाही. श्रम करताना प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता तिशीनंतर सामान्यतः दर दशकात सुमारे दहा टक्क्यांनी घटते. सातत्याने व्यायाम करणाऱ्यांमध्ये ही घट कमी असते. झटपट आकुंचन पावणारे स्नायुतंतू क्षीण होऊ लागतात. कठोर श्रमानंतर शरीर पूर्ववत होण्यास अधिक अवधी लागतो. अनुभव, निर्णयशक्ती आणि हाताचे कसब मात्र टिकून राहते. त्यामुळे एखाद्या दिवशी जुना विजेता कोणालाही हरवू शकतो. अडचण येते ती दोन आठवड्यांत सात सामने, तेही पाच सेटचे, खेळण्याची.

याची साक्ष इतरत्रही मिळते. १९६९ मध्ये एकेचाळीस वर्षांच्या पांचो गोन्झालेसने विंबल्डनमध्ये चार्ली पासारेल याच्याविरुद्ध ११२ गेमांचा सामना जिंकला. पण चौथ्या फेरीपुढे तो गेला नाही. १९९१ मध्ये खुद्द कॉनर्स एकोणचाळिसाव्या वर्षी अमेरिकन स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोचला आणि एकवीस वर्षांच्या जिम कुरियरकडून सरळ सेटमध्ये हरला. नोव्हाक जोकोविचने २०२५ मध्ये चारही प्रमुख स्पर्धांची उपांत्य फेरी गाठली. परंतु एकाही स्पर्धेत त्याला अंतिम सामना गाठता आला नाही.

भार हलका केला की मर्यादा पुढे सरकते, हेही दिसून येते. गुडघ्यावरील शस्त्रक्रियेनंतर रॉजर फेडररने २०१६ च्या उत्तरार्धात सहा महिने विश्रांती घेतली. २०१७ मध्ये त्याने ऑस्ट्रेलियन स्पर्धा जिंकली, मातीच्या कोर्टावरील स्पर्धा टाळल्या आणि मग विंबल्डनही जिंकले. तेव्हा तो पस्तीस वर्षांचा होता. जोकोविचने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकचे सुवर्णपदक सदतिसाव्या वर्षी मिळवले. तेथील सामने तीन सेटचे होते. दुहेरीत अर्धेच कोर्ट सांभाळावे लागते. भारताच्या रोहन बोपण्णाने २०२४ मध्ये मॅथ्यू एब्डेनसह ऑस्ट्रेलियन स्पर्धेतील पुरुष दुहेरीचे विजेतेपद मिळवले, ते वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी.

म्हणून उतरत्या वयातील विजेत्याचे मूल्यमापन एका अंतिम सामन्यावरून करणे अन्यायाचे ठरते. वय प्रथम हिरावून घेते ती पुनःपुन्हा ताजेतवाने होण्याची शक्ती. कौशल्य त्यानंतर कितीतरी काळ शिल्लक राहते. विंबल्डनचे एकेरीचे विजेतेपद रोझवॉलला कधीच लाभले नाही. १९५४, १९५६, १९७० आणि १९७४ असे चार अंतिम सामने तो तेथे हरला. परंतु यांतील पहिल्या आणि शेवटच्या सामन्यात वीस वर्षांचे अंतर आहे. ते अंतर पार करून पुन्हा त्याच कोर्टावर उभे राहणे हे विजेतेपदाहून उणे मानण्याचे कारण नाही.